कांद्यावरची काजळी आणि गिऱ्हाइकाची भीती



माल कितीही चोख असो, गिऱ्हाइकाच्या मनात शंका शिरली की तो पडून राहतो. कोरोनाच्या साथीत अशी शंका दोनदा पसरलेली आपण पाहिली.

२०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली. तिला काही आधार नव्हता. तरी लोकांनी कोंबडी खाणं सोडलं आणि ब्रॉयलरचा भाव खर्चाच्याही खाली गेला.

मे २०२१ मध्ये पाळी कांद्याची आली. लासलगाव भागात उन्हाळ कांदा नुकताच निघाला होता. त्याच सुमारास कोरोनातून उठलेल्या काही रोग्यांना म्युकरमायकोसिस होत होता. बोलण्यात त्याला 'काळी बुरशी' हे नाव पडलं. कांद्याच्या सालीवरही काळी बुरशी दिसते. नाव एक म्हणून रोगही एक, असे निरोप मोबाइलवर फिरू लागले.

खरं काय ते पाहू. कांद्यावरची काजळी ही ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. म्युकरमायकोसिसची बुरशी वेगळ्या कुळातली. ती माती, शेणखत, कुजका पाला यांत असते आणि तिचे बीजाणू मुख्यतः श्वासातून शरीरात जातात. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना किंवा स्टिरॉइड जास्त दिलेल्यांना तिचा धोका अधिक असतो. कांद्यावरच्या काजळीनं हा रोग होत नाही. घरी काजळीची साल काढून कांदा धुवावा. मऊ किंवा आतून काळा पडलेला फेकून द्यावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. हॉटेलं, खानावळी, लग्नकार्यं बंद झाली. तिथली मागणी घटली ती दारं बंद झाली म्हणून; दारं उघडली की ती परत येते. भीतीनं गेलेलं गिऱ्हाईक मात्र खात्री पटल्याशिवाय येत नाही. ती खात्री स्वच्छ मालानंच पटते. म्हणून एवढं करा:

१) काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा.

२) निम्म्या माना पडल्या की कांदा काढा. पातीनं गड्डे झाकून ३-४ दिवस शेतातच सुकू द्या.

३) इंचभर मान ठेवून पात कापा. मग १०-१२ दिवस सावलीत सुकवा.

४) जोड, डेंगळे, जाड मानेचे, मार लागलेले कांदे चाळीत भरू नका. थर ४-५ फुटांपेक्षा उंच नको. खालून वारा खेळू द्या, पावसाची झड आत येऊ देऊ नका.

५) काजळीचा माल वेगळा काढा. चांगल्याखाली दडवू नका.

शेवटी एक विचारतो. कोंबडीचा निरोप आला तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तो पुढे ढकलला? पुढच्या वर्षी तशीच आवई आपल्या कांद्याबद्दल उठली. असा निरोप पुन्हा आला, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा.