अनुदानाचा पाट आणि शेवटचे शेत

महापालिकांच्या कारभारात ‘वर्गीकरण’ हा शब्द मोठा निरुपद्रवी वाटतो. शाळेत प्राण्यांचे आणि वनस्पतींचे वर्गीकरण शिकविणाऱ्या शिक्षकाला तो परिचयाचा असतो. परंतु स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत त्याचा अर्थ निराळा आहे. अंदाजपत्रकात एका कामासाठी धरलेली तरतूद तेथून काढून दुसऱ्या कामाकडे वळविणे, याला तेथे वर्गीकरण म्हणतात. अंदाजपत्रक गाजावाजाने मांडले जाते. त्यावर अग्रलेख लिहिले जातात, नागरिकांकडून सूचना मागविल्या जातात. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातील कामे सुचविण्याची पद्धत रूढ झाली आणि पिंपरी-चिंचवडनेही तिचा अवलंब केला. पण एप्रिलमध्ये ठरलेले काम डिसेंबरात कोणाच्या ताटातून कोणाच्या ताटात गेले, हे सांगणारी ओळ विषयपत्रिकेच्या तळाशी असते आणि ती वाचायला सहसा कोणी जात नाही.

हा विषय आज महत्त्वाचा होण्याचे कारण असे की, महापालिकांचा पैसा आता पूर्वीसारखा त्यांचा स्वतःचा राहिलेला नाही. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी आणि भोसरी ही चार गावे एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका झाली, तेव्हा तिची वस्ती लाखाच्या आत होती. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि कारखान्यांच्या दारात येणाऱ्या कच्च्या मालावरील जकातीने तिची तिजोरी अशी भरली की, ‘आशिया खंडातील श्रीमंत महापालिका’ हे बिरुद तिला सहज चिकटले. श्रीमंत घराला कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये तोही बहुतांशी गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्याकडे पाहणे नशिबी आले. कमावता कर्ता एकाएकी मनिऑर्डरीची वाट पाहू लागावा, तसा हा प्रकार झाला.

दिल्लीची मनिऑर्डर मात्र नेहमी अटींसह येते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात येथील प्रकल्पांना केंद्राचा निम्मा, राज्याचा पाचवा हिस्सा आणि उरलेला पालिकेचा, असा हिशेब होता. अभियानाचा एक भाग केवळ नागरी गरिबांसाठी होता. त्या काळात मोशीच्या शेजारी चिखलीत घरकुल योजना उभी राहिली. तेरा हजारांवर घरांचा मूळ संकल्प पुढे जवळजवळ निम्म्यावर आला. निगडीच्या सेक्टर २२ मधील झोपडीवासीयांसाठीच्या इमारती देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या संरक्षित पट्ट्याच्या वादात सापडल्या. चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेलाही याच अभियानातून बळ मिळाले होते; प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१९ पासून शहराला एक दिवसाआड पाण्याची सवय लावून घ्यावी लागली.

नंतर स्मार्ट सिटी अभियान आले. २०१५ मध्ये पुण्याच्या शेजारी उपेक्षित राहिलेल्या पिंपरी-चिंचवडचा जून २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीत समावेश झाला. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाचशे कोटींपर्यंत निधी आणि तेवढीच भर राज्य व पालिका यांची, अशी ती व्यवस्था होती. या अभियानाची तऱ्हा अशी की, शहराने आपला एक विशिष्ट भाग निवडून तेथे पैसा केंद्रित करावयाचा. जुन्या वस्तीत सुधारणा करावयाची तर किमान पाचशे एकर, पाडून नव्याने बांधावयाचे तर पन्नास एकर. निवड झाली ती पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर या भागांची. सौदागरच्या रुंद रस्त्यांकडेला तेव्हाच मोठमोठ्या सोसायट्या उभ्या होत्या. ज्या अंगणात आधीच दिवा आहे, तेथेच दुसरा दिवा लावण्याचा मोह निवड करणाऱ्यांना होतो, कारण तेथे काम लवकर दिसते आणि छायाचित्र चांगले येते. हे अभियान मुदतवाढी घेत ३१ मार्च २०२५ रोजी संपले.

मोशी या सगळ्यात कोठे होती? पुणे-नाशिक महामार्गावर, इंद्रायणीच्या अलीकडे, नागेश्वर महाराजांचे हे गाव ११ सप्टेंबर १९९७ रोजी इतर गावांबरोबर महापालिकेत आले. शहराचा कचरा मात्र १९९१ पासूनच मोशीच्या ८१ एकर जागेवर येऊन पडत होता. म्हणजे शहराने या गावाला आधी कचरा दिला आणि सहा वर्षांनी नागरिकत्व. (पन्नास एकरांत शहर नवे करता येते, असे स्मार्ट सिटीचे नियम सांगतात, मोशीने त्याहून एकतीस एकर अधिक जागा केवळ उकिरड्यासाठी दिली.) नवनगर विकास प्राधिकरणाच्या पेठांसाठीही येथील शेतजमिनी गेल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न एका पिढीकडून दुसरीकडे वारसाहक्काने आला आणि प्राधिकरण स्वतःच २०२१ मध्ये विसर्जित झाले. आज मोशीत उपबाजार आहे, आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र आहे, उंच इमारतींची रांग आहे. आणि चाकणकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या गर्दीत रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलेही आहेत.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही नोंदविले पाहिजे की, डेपोवर पैसा खर्च झाला आहे. कचऱ्यापासून १४ मेगावॅट वीज निर्माण करणारा, रोज सातशे टन कचरा घेण्याच्या क्षमतेचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. जुन्या कचऱ्याचे ढीग उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. पण हा खर्च साऱ्या शहराच्या कचऱ्यावरचा आहे. त्याला मोशीचा विकास म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या दारात टाकलेली घाण उचलून त्याच्यावर उपकार केल्याचे सांगणे होय.

मध्यवस्तीच्या नूतनीकरणाची बाजूही लंगडी नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केलेली पिंपरी कॅम्पाची बाजारपेठ, चिंचवडचा चापेकर चौक आणि मोरया गोसावींचा परिसर ही शहराची खरी ओळख आहे. तेथे पदपथ नाहीत, वाहन लावायला जागा नाही, सणासुदीला पायी चालणे अशक्य होते. त्या बाजारात खरेदीला मोशीची माणसेही येतात. भरभराटीचा बाजार पालिकेला कर देतो आणि त्या करातून कडेच्या गावांची कामे होऊ शकतात, असा युक्तिवाद करता येतो आणि तो खोटा नाही. अडचण एवढीच की, त्या वाक्यातील ‘होऊ शकतात’ या शब्दांवर मोशीसारखी गावे १९९७ पासून थांबली आहेत.

येथे हिशेबातली एक खुबी ध्यानात घ्यावी लागते. केंद्राच्या निधीवर आता कडक बंधने असतात. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील नागरी समूहांचे अनुदान दोन-तृतीयांश पाणी, सांडपाणी व घनकचरा यांसाठी आणि एक-तृतीयांश हवेच्या शुद्धतेसाठी बांधून दिले. साहजिकच हा पैसा उघडपणे चौकाच्या कारंज्याकडे वळविता येत नाही. पण सांडपाण्यासाठी केंद्राचे दहा रुपये आले की पालिकेने त्याच कामासाठी ठेवलेले स्वतःचे दहा रुपये मोकळे होतात. ते मग निमूटपणे वर्गीकरणाने दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातात. अनुदानाला कोणी हात लावला नाही, लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायला जागा नाही, आणि तरीही दिल्लीहून वाढीव म्हणून आलेला पैसा गटारात न वाढता चौकात वाढला! शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाटाला नवे पाणी सुटले की वरच्या अंगाचा बागायतदार ऊस वाढवितो आणि शेपटाकडचे शेत पूर्वीइतकेच कोरडे राहते, हे त्याने पाहिलेले असते.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. १९४९ च्या कायद्याने तेथे शहरांची मध्यवस्ती साफ करण्याची मोहीम निघाली आणि तिच्यात गरीब व कृष्णवर्णीय वस्त्या मोठ्या प्रमाणावर उठल्या. १९७४ मध्ये ती व तत्सम योजना गुंडाळून सामुदायिक विकास अनुदानाची एकत्रित पद्धत आली. शहरांना मोकळीक मिळाली, पण पुढे अटही घट्ट झाली: एकूण खर्चाचा किमान सत्तर टक्के भाग अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. ‘वस्तीची पडझड थांबविणे’ हे कारण दाखवून मध्यवस्तीकडे निधी वळविण्याची पळवाट तेथेही आहेच. मात्र आराखड्यात मोठा बदल करावयाचा तर तो आधी प्रसिद्ध करून नागरिकांना किमान तीस दिवस मत मांडण्याची संधी द्यावी लागते.

आपल्याकडे अशी संधी कायद्याच्या पुस्तकात आहे. नेहरू अभियानाची एक अट म्हणून २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद केली. सभा मात्र भरल्या नाहीत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही वर्षे प्रशासकच महासभा आणि प्रशासकच स्थायी समिती होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच असला म्हणजे वर्गीकरणाला विरोध तरी कोठून व्हायचा?

पुढचा पाट याहून मोठा आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एक लाख कोटींचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर झाला. शहरांचा सर्जनशील पुनर्विकास हा त्याचा एक घोषित हेतू आहे. केंद्र खर्चाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत देणार आणि निदान निम्मा पैसा कर्जरोखे, बँका किंवा खासगी भागीदारी यांतून उभा करावा लागणार. बँकेला जे परतफेडीचे वाटेल, तेच त्यात बसेल. बाजारपेठेतील वाहनतळ बसेल, व्यापारी संकुल बसेल. मोशी गावठाणातील तुंबलेली गटारवाहिनी कोणत्या बँकेच्या हिशेबात बसणार? आणि पुनर्विकासासाठी पालिकेला जो स्वतःचा हिस्सा उभारावा लागेल, तो अंदाजपत्रकातील कोणत्या कामांतून निघेल?

तो हिस्सा वर्गीकरणानेच निघणार असेल, तर त्याची सूचना प्रभाग कार्यालयाच्या फलकावर महिनाभर आधी, साध्या मराठीत, लावायला काही खर्च येत नाही. कोणत्या गावच्या कोणत्या कामाचे किती रुपये कमी झाले आणि ते कोठे गेले, एवढ्या दोनच रकान्यांचा तो कागद असेल.