वार्धक्याचे अर्थकारण – लेखांक ५ : टळलेली कपात कोणाच्या माथी?

पेन्शनचा विषय निघाला की सगळे तिजोरीकडे बघतात. जपानची तिजोरी भरलेली आहे. तिथल्या सरकारी पेन्शन निधीत दोनशे लाख कोटी येनहून जास्त रक्कम आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या निधींत त्याची गणना होते. तरीही आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या जपानी माणसाला आपल्या म्हातारपणाची काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. त्याचे मूळ एका चांगल्या कायद्यात ठेवलेल्या छोट्याशा अटीत आहे.

कमावत्यांच्या वर्गणीतून वृद्धांना पेन्शन द्यायची, हा तिथल्या योजनेचा गाभा. मुले कमी होत गेली, आयुष्य लांबले, तशी वर्गणी पुन्हापुन्हा वाढवावी लागली. २००४ च्या सुधारणेने ही ओढाताण थांबवली. नोकरदाराची वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवत २०१७ मध्ये पगाराच्या १८.३ टक्क्यांवर कायमची बांधायची, त्यातला निम्मा भार मालकाने उचलायचा आणि एवढ्यात बसेल तेवढीच पेन्शन द्यायची, असे ठरले. भाव-पगार वाढले की पेन्शन वाढते. त्या वाढीतून, घटत्या कमावत्यांपोटी आणि वाढत्या आयुर्मानापोटी, दरवर्षी सुमारे ०.९ टक्का वजा करायचा. म्हणजे वाढ २ टक्के यायची असेल, तर पेन्शनरच्या हाती १.१ टक्केच पडणार. ओझे दोन पिढ्यांत वाटण्याची याहून न्याय्य रीत मला तरी दिसत नाही.

अट अशी होती की या कपातीमुळे पेन्शनची प्रत्यक्ष रक्कम आदल्या वर्षीपेक्षा घटता कामा नये. साहजिकच भाव-पगार वाढले नाहीत तर कपातही नाही. आणि जपानमध्ये ते वर्षानुवर्षे वाढले नाहीत. त्यात जुनी बाकी होतीच. १९९९ ते २००१ मध्ये भाव १.७ टक्क्यांनी उतरले, तरी खास कायदा करून पेन्शन खाली येऊ दिली नव्हती. ही जास्तीची रक्कम पुढे २.५ टक्क्यांवर गेली आणि ती २०१५ पर्यंत पूर्ण काढून टाकल्यावरच सूत्र पहिल्यांदा चालले, कायदा झाल्यानंतर तब्बल अकराव्या वर्षी. नमुना जोडप्याची पेन्शन कमावत्या पुरुषाच्या हाती पडणाऱ्या सरासरी पगाराच्या ५९ टक्के होती. ती २०२३ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास येईल, असा २००४ चा अंदाज होता. २०२४ च्या सरकारी फेरतपासणीत ती ६१ टक्के निघाली.

यात वृद्धांचे भलेच झाले, असे कोणी म्हणेल. आजच्या वृद्धांचे झाले. वर्गणी बांधलेली असल्यामुळे आज जास्त गेलेला प्रत्येक येन उद्याच्या पेन्शनमधून वळता होतो. अर्थव्यवस्था गेल्या तीस वर्षांसारखीच चालली, तर सर्वांना समान मिळणाऱ्या मूळ पेन्शनवरची कपात २०५७ पर्यंत चालवावी लागेल आणि पगाराच्या तुलनेत ती सुमारे तीस टक्क्यांनी खाली येईल, असे तीच फेरतपासणी सांगते. ही मूळ पेन्शन चाळीस वर्षे वर्गणी भरल्यावर, २०२४ मध्ये, महिन्याला ६८,००० येन होती. नव्वदीच्या मंदीत शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या आणि कायमची नोकरी न लागलेल्या अनेकांच्या हाती पुढे बहुतांशी तेवढीच असणार आहे. तरुणपणी मंदीने ज्यांना गाठले, त्यांच्याच म्हातारपणी हे बिल पोचते आहे.

मग निधी मोडा, हा सोपा सल्ला. पण सुमारे शंभर वर्षांच्या हिशेबात हा निधी आणि त्यावरची कमाई मिळून पेन्शनच्या खर्चाचा जेमतेम दहावा भाग भागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : केवळ पेन्शनवर जगणाऱ्या गरीब म्हातारीच्या हातातली रक्कम कमी करायची का? नाही. तिला कराच्या पैशातून वेगळी मदत द्यावी. जपानने ऑक्टोबर २०१९ पासून, उपभोग कर वाढवून, अल्प उत्पन्नाच्या पेन्शनरांना महिन्याला सुमारे ५,००० येनचा पूरक भत्ता सुरू केला. रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढवावी. रस्ता मात्र बरोबर आहे. तिच्या नावाखाली सुखवस्तू पेन्शनरचीही कपात थांबवणे हा तिच्या नातवंडांवर अन्याय आहे. मागच्या लेखात पाहिलेल्या स्वीडनने २०१० मध्ये पेन्शनची रक्कम खरोखरच कमी केली आणि पेन्शनरांना करात सवलत देऊन झळ सौम्य केली.

जपानने २०१६ च्या दुरुस्तीने राहिलेली कपात पुढच्या वर्षांवर नेण्याची सोय केली, पण मूळ अटीला हात लावला नाही. २०२५ च्या कायद्याने मूळ पेन्शन सावरण्याचा निर्णयही पुढच्या, २०२९ च्या सुमारास होणाऱ्या फेरतपासणीवर सोपवला. मंदीतल्या त्या पिढीचे पहिले लोक तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असतील.