कन्स्ट्रक्टर
कन्स्ट्रक्टर : (रचक). वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंगमध्ये नवी वस्तू निर्माण होताना आपोआप कार्यान्वित होणारा आज्ञासमूह. वर्ग हा वस्तूचा आराखडा असतो. त्या आराखड्यानुसार संगणकाच्या स्मृतीत जागा मिळाल्यावर तेथे योग्य प्रारंभिक मूल्ये भरणे, हे रचकाचे कार्य होय.

रिद्धपूर (जि. अमरावती) हे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान असून लीळाचरित्राचे संकलन म्हाइंभटांनी तेराव्या शतकात येथे केले, असे मानतात. या पंथाच्या अनेक पोथ्या सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिपींत आहेत. अशा पोथ्यांची संगणकीय सूची करावयाची असल्यास ‘हस्तलिखित’ हा वर्ग कल्पिता येईल. ग्रंथनाम, लिपी व पत्रसंख्या हे त्याचे घटक होत. लिपीची नोंद राहून गेल्यास पोथी उलगडून वाचावयाची की सरळ, हे पुढे कळणार नाही. शिवाय चूक घडते एका ठिकाणी आणि उघडकीस येते भलत्याच ठिकाणी. हे टाळण्यासाठी रचक ही मूल्ये प्राचलांच्या रूपाने मागतो, ती तपासतो आणि पत्रसंख्या शून्य किंवा ऋण असल्यास वस्तूची निर्मितीच नाकारतो. अपुरी वस्तू अस्तित्वात येऊ न देणे, हे रचकाचे खरे महत्त्व होय.

इतिहास : नॉर्वेतील उले-यूहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत वस्तू निर्माण होताना वर्गातील आज्ञा कार्यान्वित होत. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘सी विथ क्लासेस’वर काम सुरू केले. तीत रचकाला ‘न्यू’ हे नाव होते. पुढे सी++ मध्ये रचकाला वर्गाचेच नाव देण्याची पद्धत आली व ती जावा भाषेनेही (१९९५) स्वीकारली. पायथनमध्ये वस्तू आधी निर्माण होते व नंतर ‘इनिट’ हा आज्ञासमूह तिला मूल्ये देतो.

प्रकार : प्राचल न घेणारा रचक मूलभूत मूल्ये भरतो. सी++ व जावा यांत वर्गासाठी एकही रचक लिहिला नसल्यास असा रचक संकलक स्वतः पुरवितो. मात्र प्राचले घेणारा एखादा रचक लिहिल्यास ही सोय मिळत नाही. प्रतिरचक विद्यमान वस्तूवरून दुसरी वस्तू तयार करतो. त्याने केवळ स्मृतीचा पत्ता उतरविल्यास दोन्ही वस्तूंत एकच माहिती सामाईक राहते. एकीत केलेला बदल दुसरीतही दिसतो. सी++ मध्ये तर तीच जागा दोनदा मुक्त होण्याचा धोका उद्‌भवतो. म्हणून अशा वेळी माहितीचीच स्वतंत्र प्रत करावी लागते.

वारसा व क्रम : ‘हस्तलिखित’ हा ‘ग्रंथ’ या वर्गाचा उपवर्ग असल्यास प्रथम ‘ग्रंथ’चा भाग रचला जातो व नंतर ‘हस्तलिखित’चा. सी++ मध्ये विनाशक याच्या उलट क्रमाने चालतात. रचना अर्ध्यावर फसल्यास पूर्ण झालेले भाग तेवढे उलट क्रमाने मोडले जातात; अपूर्ण वस्तूचा स्वतःचा विनाशक चालत नाही. जावामध्ये मूळ वर्गाच्या रचकाने उपवर्गात बदललेली क्रिया वापरल्यास तिला उपवर्गाचे घटक अद्याप न भरलेले आढळू शकतात. त्यामुळे रचकात केवळ वस्तू सिद्ध करण्यापुरतेच काम ठेवणे श्रेयस्कर ठरते.