नदीच्या खोऱ्याचा जल-नकाशा

पाटाच्या पाण्यावरून तंटा उपस्थित झाला म्हणजे आपण धरणाच्या दरवाजाकडे पाहतों. धरणाच्या वर काय आहे, तें सहसा पाहत नाहीं. भीमेचेंच उदाहरण घ्या. ती भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावते. तेथें पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. पंढरपुराकडे तोच पांचसहाशेंच्या आंतबाहेर येतो. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयावर पोसला जाणारा ऊस मुख्यतः घाटमाथ्याच्या पाण्यावर उभा आहे.

वरचें रान, गवताळ पडीक, बांधबंदिस्तीचीं शेतें, ओढ्याकाठचीं झाडें हीं सर्व आपलें काम करितात: कोणी पाणी मुरवितें, कोणी गाळ अडवितें, कोणी पुराचा वेग मोडतें. हीं कामें कोठें किती घडतात, हें दाखविणारा नकाशा आतां करतां येतो.

रीत अशी. प्रथम पाणलोटाच्या सीमा आंखतात. मग त्यांवर पाऊस, उतार, माती व जमिनीचा उपयोग यांचे थर चढवितात. पिकें व झाडें जें पाणी वाफेच्या रूपानें उडवितात, तें पावसांतून वजा केलें म्हणजे ओढ्यास व भूगर्भास मिळणारें पाणी उरतें. हेक्टरास १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. तेव्हां लहानसा फरकहि थोडा नव्हे. उतार व आच्छादन यांवरून गाळाचाहि अदमास निघतो.

येथें एक गैरसमज काढिला पाहिजे. झाडें लाविलीं म्हणजे नदीचें पाणी वाढतेंच, असें नाहीं. झाडें स्वतः पाणी पितात. वर्षाचा एकूण पुरवठा त्यांमुळें घटूंहि शकतो. खात्रीचा लाभ गाळ थांबण्याचा. जमीन सच्छिद्र राहिली तर उन्हाळ्यांतील झऱ्याचाहि. म्हणून पाणी, गाळ व पूर यांचे नकाशे निरनिराळे हवेत. एकच रंगीत कागद पुढें करून कोणी खर्च मागूं लागला, तर त्यास हें अवश्य विचारावें.

कोलंबिया देशांतील कौका नदीच्या खोऱ्यांत २००९ सालीं ऊस पिकविणाऱ्यांच्या संस्थांनीं इतरांसह एक निधि उभारला. वरच्या डोंगरांतील शेतकऱ्यांनीं ओढ्याकाठीं कुंपण घालून गुरें दूर ठेवावीं, झरे राखावे, आणि त्याचा खर्च खालच्यांनीं सोसावा, असा तो व्यवहार. पैसा कोणत्या उतारावर आधीं घालावा, हें ठरवितांना अशाच नकाशांचा आधार घेतला गेला.

आपल्या काळ्या पाषाणांत मात्र पाणी फटींत व मुरमाच्या थरांत साठतें. शेजारच्या दोन विहिरींचें भाग्यहि सारखें नसतें. तेथें नकाशास मोजणीची जोड हवीच. दिवाळीनंतर व पुन्हा वैशाखांत गांवांतील प्रत्येक विहिरीची पातळी मोजावी व ती सर्व्हे नंबरापुढें टिपून ठेवावी.