सुटीतले ऑपरेशन आणि न थांबणारे रक्त

सहामाही परीक्षा संपली की घराघरांत मुलांच्या ऑपरेशनांच्या तारखा ठरू लागतात. टॉन्सिल, हर्निया, किडलेली दाढ, सगळे दिवाळीच्या सुटीत उरकून घेतले की शाळा बुडत नाही. बहुतेकांचे ते बिनबोभाट पारही पडते. पण ज्या मुलाला जन्मापासून रक्त न गोठण्याचा आजार आहे, त्याच्यासाठी सणाची सुटी ही सगळ्यांत वाईट वेळ. त्याचे ऑपरेशन आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळी पहिल्या नंबरावर हवे. टेबलावरच्या तासाभरापेक्षा पुढचे दोन आठवडे त्याला जास्त जड जातात, आणि त्या दिवसांत प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि रक्तविकारतज्ज्ञ हाताशी लागतात.

अशा आजारांत हिमोफिलिया सर्वांच्या ऐकण्यातला. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर आठ कमी असेल तर हिमोफिलिया ए, फॅक्टर नऊ कमी असेल तर बी. ए प्रकार साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. दोष आईकडून येतो, म्हणून डॉक्टर मुलाच्या मामाची चौकशी करतात. मामाला कधी दात काढल्यावर रक्त थांबले नव्हते का? आजीचा एखादा भाऊ लहानपणीच गेला का? मात्र सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. फॅक्टर तेरासारखे दुर्मीळ दोष आई आणि वडील दोघांकडून यावे लागतात. मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत ते होण्याची शक्यता वाढते.

ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या तपासण्यांवर विसंबू नये, हे मला ठासून सांगायचे आहे. रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या तपासण्या नॉर्मल आल्या की पालक सुटकेचा श्वास सोडतात. फॅक्टर तेराच्या कमतरतेत या दोन्ही तपासण्या नॉर्मलच येतात. फॉन विलेब्रांड या रक्तस्रावाच्या दुसऱ्या आजाराच्या सौम्य प्रकारातही त्या नॉर्मल येऊ शकतात. अशा वेळी आईची आठवण कामी येते: नाळ गळताना दिवसेंदिवस रक्त झिरपत होते, लस टोचल्यावर मांडीत टेंगूळ आले होते, रांगायला लागल्यापासून अंगावर काळेनिळे डाग दिसायचे, दुधाचा दात पडला तेव्हा सकाळी उशी लाल झाली होती. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आईने हे आपणहून सांगावे.

मुंबईतल्या ट्रॉम्बेत चीता कॅम्पसारखी मोठी मुस्लिम वस्ती आहे. तिथल्या पुष्कळ मुलांचे आयुष्यातले पहिले ऑपरेशन म्हणजे सुंता, आणि हा आजार पुष्कळदा तेव्हाच उघड होतो. हे जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुंतेनंतर दोन मुलगे रक्तस्रावाने दगावले असतील तर त्या आईच्या पुढच्या मुलाची सुंता करू नये, असा निर्णय ज्यू धर्मगुरूंनी दुसऱ्या शतकात दिला होता. आज सुंता टाळण्याची गरज नाही. आधी तपासणी करून, फॅक्टर देऊन, रुग्णालयात ती नीट करता येते.

तपासणीसाठी ट्रॉम्बेकरांना लांब जावे लागत नाही. मानखुर्दहून हार्बरने कुर्ला आणि तिथून गाडी बदलून परळ. केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था आहे. 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. कोणता फॅक्टर किती कमी आहे, हे तिथे नेमके कळते.

पुढचा हिशेब साधा आहे. वजनाच्या दर किलोमागे एक युनिट फॅक्टर आठ दिला की रक्तातली पातळी दोन टक्क्यांनी वाढते. वीस किलोच्या मुलाची पातळी शून्यावरून शंभर टक्क्यांवर न्यायला हजार युनिट लागतात. फॅक्टर नऊ एकच टक्का वाढवतो, म्हणून तिथे दोन हजार. फॅक्टरच्या भुकटीच्या बाटलीत पाणी सोडायचे आणि बाटली न हलवता तळहातांत हलकेच फिरवायची. पण दिलेला फॅक्टर आठ 8 ते 12 तासांत निम्मा होतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. मोठ्या ऑपरेशनआधी पातळी 80 ते 100 टक्के हवी, पहिले तीन दिवस 60 ते 80, सहाव्या दिवसापर्यंत 40 ते 60 आणि पुढे चौदाव्या दिवसापर्यंत 30 ते 50. टाके कोरडे दिसले म्हणून मधेच फॅक्टर थांबवणे घातक. टॉन्सिलची खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते, आणि तेव्हा मूल घरी असते.

आणखी एक अडचण आधीच पाहावी लागते. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या मुलांपैकी 30 टक्क्यांपर्यंत मुलांचे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंड तयार करते. मग कितीही बाटल्या चढवा, उपयोग होत नाही. वेगळी औषधे लागतात आणि ती अतिशय महाग असतात. प्रतिपिंडांची तपासणी झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊच नये. मूल एमिसिझुमॅबच्या इंजेक्शनांवर असेल तर तेही भूलतज्ज्ञांना सांगावे. त्या औषधाने एपीटीटीचा आकडा फसवा येतो.

ऑपरेशन टाळता आले तर उत्तमच, आणि इथे ट्रॉम्बेचे नाव निघते. हिमोफिलियाच्या मुलांत पुन्हा पुन्हा रक्त साचून गुडघ्याचे आतले अस्तर सुजते. सुजलेले अस्तर आणखी रक्त सोडते. गुडघा घट्ट, गरम आणि वाकडा होत जातो. हे अस्तर शस्त्रक्रियेने काढायचे तर फॅक्टरचा खर्च डोंगराएवढा. दुसरा मार्ग असा की किरणोत्सारी द्रव्य सुईने सांध्यात सोडायचे. त्याचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात आणि अस्तर आक्रसते. द्रव्य सांध्याबाहेर झिरपू नये म्हणून ते सूक्ष्म कणांना जोडतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे, म्हणजे आपल्या हाडांतल्याच खनिजाचे कण वापरून औषधे विकसित केली आहेत. केंद्रातली 1985 पासून चालणारी ध्रुव अणुभट्टी अशी किरणोत्सारी समस्थानिके बनवते. फॅक्टर इथेही द्यावा लागतो, पण मोठ्या शस्त्रक्रियेच्या मानाने फारच थोडा, आणि सांधा दोन-तीन दिवस हलवायचा नसतो. अणुशक्तीनगरच्या शेजारी राहणाऱ्यांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते. झिजून गेलेला सांधा मात्र याने परत येत नाही, म्हणून उपचार वेळेवर हवा.

महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. तेव्हा पालकांनो, मुलाच्या आजाराचे नाव, फॅक्टरची पातळी आणि रक्तगट लिहिलेले कार्ड त्याच्या दप्तरात ठेवा. दुखले तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल चालते. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना आजार सांगा. आणि दात काढायचा असो की सुंता, तारीख ठरवण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांकडे जाऊन या.