कांद्याचे गोंडे

शेडनेटच्या आत बायांचे हात भराभर चालले होते. मिरचीची उमलू घातलेली कळी चिमट्याने उघडायची, पुंकेसर खुडायचे, मग दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. देऊळगाव राजाच्या पट्ट्यात संकरित भाजीपाल्याचं बियाणं असं कळीकळीनं घडतं. त्यासाठी मजुरी मोजावी लागते.

बांध ओलांडला आणि तेच काम मधमाश्या करताना दिसल्या. अर्ध्या एकरात कांद्याचे डेंगळे उभे, टोकाला पांढरे गोंडे. ज्यांचं हे शेत, त्या काकूंनी एक गोंडा वाकवून माझ्या हाती दिला. एका गोंड्यात शेकडो फुलं, तीही एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे चालतं. भिंगातून एक फूल पाहिलं. सहाही पुंकेसर पराग सांडून मोकळे झालेले आणि मधली कुक्षी अजून तयारच नाही. कांद्यात नर आधी पिकतो, मादी मागून. फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या उपयोगी पडत नाही. दुसऱ्या फुलाचा कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि तो चिकट, वाऱ्याला दाद न देणारा.

आग्या मोहोळाच्या थोराड माश्या पिंपळावरून येत होत्या, फुलोरीच्या बारक्या बांधावरच्या बोरीतून. एकीवर मी नजर रोखून बसलो. ती गोंड्यावर गोल फिरली, फुलाफुलात सोंड घातली, पोटाला फिकट भुकटी माखून पुढच्या सरीत गेली. मी मोजणं सोडून दिलं.

काकूंनी पाळीव मेलिफेरा मधमाश्यांच्या दोन पेट्याही भाड्याने आणल्या होत्या. रात्रीच्या आणल्या, थोडी फुलं उमलल्यावर. आधी ठेवल्या तर माश्या दुसरीकडची वाट धरतात. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त, त्यांना तो फारसा रुचत नाही. जवळ मोहरी फुललेली असली की त्या तिकडेच.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी काकूंचं शेत गप्प. मग त्या आणि त्यांची जाऊ, दोघी तळहातांनी गोंडे कुरवाळत सरीसरीनं फिरल्या. "हात फिरवला भाऊ, पण माशीवाणी जमते का?" औषध मारणं टळतच नसेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी मारावं. एवढंही शेजारधर्मात बसत नसेल तर मला त्याचा राग येतो.

निघताना एका गोंड्यावर आम्ही मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधली.

एप्रिलमध्ये परत गेलो. उघडा गोंडा काकूंनी परातीत चोळला. बोंडाला तीन कप्पे, कप्प्यात दोन बिया, म्हणजे भरलं तर सहा. काळंभोर बी परातीत खडखडलं. मग पिशवीतला गोंडा घेतला. तळहातावर चोळून त्यांनी फुंकर मारली. फोल उडालं, चार बिया उरल्या.