खाडीतला गाळ आणि समुद्राची गर्ता

श्रावणात ओहोटी लागली की भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून वसईच्या खाडीचे पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाने समुद्राकडे निघते. उल्हास नदीने कर्जत, बदलापूर, कल्याणकडून आणलेली ही माती म्हणजे मुख्यतः सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची झीज. गोड्या पाण्यात तिचे बारीक कण सुटे तरंगतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या खाली बसू लागतात. तिवरांच्या मुळांशी पोटरीपर्यंत पाय रुतवणारा चिखल तो हाच.

खाडीबाहेर पडलेला गाळही फार दूर जात नाही. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात चिखल सापडतो, तर बाहेरच्या कडेला शंखशिंपल्यांची जुनी चुनखडी वाळू. म्हणजे आजच्या नद्यांची माती तिथवर फारशी पोहोचतच नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हा नद्या या कडेच्या कितीतरी जवळ येऊन गाळ टाकत. गाळाच्या प्रवासात मुक्कामच मोठे असतात.

कडेपलीकडच्या खंडान्त उतारावर साचलेला गाळ भूकंपाने किंवा स्वतःच्या वजनानेही सुटतो. पाण्यात मिसळून त्याचा जड लोट होतो आणि सागरी घळयांतून खाली धावतो. १९२९ मध्ये कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स भूकंपानंतर अशा लोटाने समुद्रतळावरच्या संदेशवहनाच्या तारा एकामागून एक तोडल्या. त्या तुटण्याच्या वेळांवरूनच पुढे लोटाचा वेग काढता आला. लोट मंदावला की आधी जाड वाळू बसते, तिच्यावर बारीक रेती, सर्वांत वर चिकणमाती. तळातून काढलेल्या नळकांड्यात हे थर पोथीच्या पानांसारखे मोजता येतात.

२०१५ मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या संशोधन जहाजाने भारताच्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखाली, असेच थर खणून काढले. त्यांत सिंधू नदीने आणलेली हिमालयाची माती होती. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी भारताच्या कडेवरून कोसळलेल्या प्रचंड दरडीचा शंभराहून अधिक मीटर जाड थरही तिथे मिळाला.

समुद्र इतका खोल असला, तरी महाराष्ट्रासमोर गर्ता, म्हणजे समुद्रतळातली लांबट खोल खाच, नाही. गर्ता तयार होते ती एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथे. अरबी समुद्रात ती जागा इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यापाशी आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. मकरानला गाळ इतका साचला आहे की गर्ता काठोकाठ भरून तळ जवळजवळ सपाट झाला आहे. खाली सरकणाऱ्या भूपट्टावरचा बराच गाळ खरवडला जाऊन घड्या पडत वर रचला जातो. किनाऱ्यावरच्या मकरानच्या टेकड्यांत एकेकाळी खोल समुद्रात बसलेले वाळू-चिकणमातीचे तेच थर आज उघड्यावर दिसतात.